न्यूज चॅनलच्या पट्ट्या सारख्याच का दिसतात? आणि त्यात केळापूर का मावत नाही?

एक छोटा प्रयोग करून बघा. फोनवर यूट्यूब उघडा, आवाज पूर्ण बंद करा आणि एबीपी माझा, एबीपी आनंद आणि एबीपी अस्मिता ही तीन चॅनल एकामागून एक लाइव्ह लावा. पहिलं मराठी, दुसरं बंगाली, तिसरं गुजराती. बंगाली आणि गुजराती लिपी वाचता येत नसली तरी ही तिन्ही चॅनल एकाच घरची आहेत हे दोन मिनिटांत कळतं. मग न्यूज१८ लोकमत बघा आणि लगेच दुसऱ्या एखाद्या भाषेतलं न्यूज१८. किंवा टीव्ही९ मराठी आणि टीव्ही९ भारतवर्ष. तिथेही तेच. बातमी वेगळी, भाषा वेगळी, निवेदक वेगळा, पण चेहरामोहरा एक.

हे आपोआप होत नाही. यामागे 'ग्राफिक्स पॅकेज' नावाची एक व्यवस्था असते. ती एका ठिकाणी तयार होते आणि कंपनीच्या सगळ्या चॅनलना वाटली जाते. ती चालते कशी, कंपन्यांना ती का हवी असते, यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूरसारख्या तालुक्याच्या बातमीचं त्यात काय होतं आणि फोनवर बातम्या बघणाऱ्या आपल्याला त्यातून काय शिकता येतं, ते एकेक करून बघू.

ग्राफिक्स पॅकेज म्हणजे नक्की काय?

न्यूजरूममध्ये 'पॅकेज' म्हणजे बातमीदाराने आवाज, दृश्यं आणि बाइट जोडून केलेली तयार बातमी. ग्राफिक्स पॅकेज ही वेगळी गोष्ट. बातमीवर जे काही लिहून, रंगवून, हलवून दाखवलं जातं त्या सगळ्याचा हा संच. त्यात साधारण एवढ्या गोष्टी येतात:

- बुलेटिनच्या सुरुवातीची फिरती टायटल आणि तिचं संगीत
- कोपऱ्यातला कायमचा लोगो. याला 'बग' म्हणतात
- स्क्रीनच्या खालच्या भागातली नाव-हेडलाइनची पट्टी, म्हणजे 'लोअर थर्ड'
- सगळ्यात खाली सरकणारा टिकर
- दोन बातम्यांच्या मध्ये सर्रकन येऊन जाणारी चमक, म्हणजे 'स्टिंग'
- आकडे, नकाशे, मुद्दे दाखवणारी पूर्ण स्क्रीनची 'प्लेट'
- आणि अर्थातच 'ब्रेकिंग न्यूज'चा लाल अवतार

लोअर थर्डला आपल्याकडच्या न्यूजरूममध्ये 'ॲस्टन' म्हणतात, अमेरिकेत 'कायरॉन'. दोन्ही मुळात कंपन्यांची नावं. ॲस्टन ब्रिटिश, कायरॉन अमेरिकन. या कंपन्या स्क्रीनवर अक्षरं उमटवणारी यंत्रं बनवायच्या. आपण कुठल्याही फोटोकॉपीला 'झेरॉक्स' म्हणतो, तसंच हे.

त्याआधी काय होतं? कार्डावर अक्षरं लिहायची, ते कार्ड कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि ते चित्र मूळ चित्रावर चढवायचं. टीव्हीच्या सुरुवातीच्या काळात जगभर हीच पद्धत होती. त्यामुळे स्क्रीनवर मोजकंच लिहिलं जायचं. आज एका फ्रेममध्ये निवेदक, दोन खिडक्या, तीन पट्ट्या, टिकर, लोगो आणि घड्याळ असं सगळं एकदम दिसतं. टिकर पूर्वीही अधूनमधून असायचा, पण ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकी वृत्तवाहिन्यांनी तो चालू केला आणि मग काढलाच नाही.

आतून हे चालतं कसं?

सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर हे वेबसाइटसारखंच आहे. दिसणं वेगळं ठेवायचं, मजकूर वेगळा ठेवायचा.

डिझायनर एकदाच टेम्प्लेट बनवतो. पट्टी कुठून येणार, किती वेळात येणार, रंग कोणता, फॉन्ट कोणता, सावली किती, हे सगळं तिथे पक्कं होतं. टेम्प्लेटमध्ये काही रिकामे रकाने ठेवलेले असतात:

ठिकाण: ______
ओळ १: ______
ओळ २: ______
फोटो: ______

न्यूजरूममधला माणूस फक्त हे रकाने भरतो. त्याला रंग बदलता येत नाही, पट्टी सरकवता येत नाही, फॉन्ट निवडता येत नाही. ते मुद्दामच कुलूपबंद असतं.

बातम्यांचा क्रम आणि मजकूर ज्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला जातो त्याला न्यूजरूम सिस्टीम म्हणतात. ईएनपीएस, आयन्यूज ही त्यातली प्रसिद्ध नावं. ग्राफिक्सचं इंजिन वेगळं असतं. नॉर्वेच्या व्हिझआरटी कंपनीची सॉफ्टवेअर जगभर वापरली जातात. भारतीय बनावटीचं वास्प थ्रीडीही अनेक चॅनलमध्ये दिसतं. स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीने, म्हणजे एसव्हीटीने बनवलेलं कॅस्परसीजी तर मुक्त स्रोत आहे, कुणीही फुकट डाउनलोड करू शकतं. न्यूजरूम सिस्टीम आणि ग्राफिक्स इंजिन यांनी एकमेकांशी बोलण्यासाठी 'एमओएस' नावाचा ठरलेला प्रोटोकॉल आहे. 'या बातमीच्या वेळी अमुक टेम्प्लेट काढ, त्यात हा मजकूर टाक' असा निरोप त्यातून जातो.

पुढची पायरी तुमच्या ओळखीची आहे. व्हॉट्सॲपचा स्टिकर चौकोनी नसतो, त्याच्या भोवतालचा भाग पारदर्शक असतो. टीव्हीत हेच काम दोन सिग्नल करतात. एक सिग्नल सांगतो की पट्टीत काय रंगवायचं, त्याला 'फिल' म्हणतात. दुसरा सांगतो की कुठे रंगवायचं आणि कुठे मागचं चित्र दिसू द्यायचं, त्याला 'की' म्हणतात. व्हिडिओ मिक्सर हे दोन्ही घेऊन पट्टी निवेदकाच्या चित्रावर बसवतो. सगळं लाइव्ह, सेकंदाच्या काही भागात.

म्हणजे तुम्ही टीव्हीवर जी पट्टी बघता ती त्या बातमीसाठी कुणी खास 'डिझाइन' केलेली नसते. तो भरलेला फॉर्म असतो.

कंपन्यांना हे का हवं असतं?

पहिलं कारण ओळख. १ जून २०१२ ला स्टार माझाचं एबीपी माझा झालं. त्याच दिवशी हिंदीतल्या स्टार न्यूजचं एबीपी न्यूज आणि बंगालीतल्या स्टार आनंदचं एबीपी आनंद झालं. तीन भाषांमधली तीन चॅनल एका दिवसात नाव बदलतात तेव्हा लोगो, पट्ट्या, टायटल, माइकवरचं चौकोनी डबडं, सगळं एकदम बदलावं लागतं. प्रत्येक चॅनलने आपापलं वेगळं केलं असतं तर गोंधळ झाला असता. २०२० च्या अखेरीस या समूहाने पुन्हा नवा लोगो आणला, तोही सगळ्या भाषांमध्ये एकत्रच.

दुसरं कारण पैसा. दहा चॅनलसाठी दहा डिझाइन टीम ठेवण्यापेक्षा एक टीम स्वस्त पडते. तिसरं कारण वेग. रिकामे रकाने भरायला एका माणसाला काही सेकंद लागतात. चौथं कारण चुका टाळणं. फॉन्ट, रंग, जागा ठरलेली असली की रात्री दोन वाजता एकटाच बसलेला ऑपरेटरही नीटनेटकी पट्टी काढू शकतो. हे फायदे खरे आहेत, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

अमेरिकेत हा प्रकार आपल्यापेक्षा बराच पुढे गेलाय. तिथे प्रत्येक शहराचं स्वतःचं स्टेशन असतं आणि ते आपल्या शहराच्या बातम्या देतं. पण अशी डझनावारी स्टेशनं एकेका कंपनीच्या मालकीची असतात. एनबीसीच्या मालकीच्या स्टेशनांची ग्राफिक्स टेक्सासमधल्या 'आर्टवर्क्स' नावाच्या एका विभागात तयार होतात. गॅनेट कंपनीने सप्टेंबर २०१२ मध्ये आपल्या 'यूएसए टुडे' या वृत्तपत्राचं रूप बदललं आणि पुढच्या वर्षी त्याच धर्तीचं ग्राफिक्स पॅकेज आपल्या टीव्ही स्टेशनांवर आणलं. शहर कुठलंही असो, पट्टी तीच.

तिथल्या प्रेक्षकांचा आक्षेप असा असतो की आमच्या शहराचं चॅनल आमच्या शहराचं वाटत नाही. २०१८ च्या वसंतात यापुढची गोष्ट लोकांच्या लक्षात आली. सिंक्लेअर कंपनीच्या वेगवेगळ्या शहरांतल्या निवेदकांनी एकच मजकूर शब्दशः वाचला होता. डेडस्पिन या वेबसाइटने ते सगळे तुकडे शेजारी शेजारी लावून व्हिडिओ केला आणि तो प्रचंड पसरला. पट्टी सारखी असणं आणि मजकूर सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे खरं. पण दोन्ही गोष्टी एकाच दिशेने येतात, मुख्यालयाकडून गावाकडे.

आपल्याकडे रचना थोडी वेगळी. नागपूर, नाशिक, यवतमाळ अशा शहरांची अमेरिकेसारखी स्वतंत्र स्टेशनं नाहीत. मोठी मराठी न्यूज चॅनल मुंबई परिसरातून अख्ख्या महाराष्ट्रासाठी चालतात आणि त्यातली बरीच देशपातळीवरच्या समूहांचा भाग आहेत. म्हणजे टेम्प्लेटचा प्रवास आधी देशातून मराठीत आणि मग मराठीतून जिल्ह्यात, असा दोन टप्प्यांचा. या दोन्ही टप्प्यांवर काय अडतं ते बघू.

पहिला अडथळा: 'शेतकऱ्यांना' हा शब्द

यवतमाळच्या बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त येणारा शब्द कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण 'शेतकरी' म्हणतील. आता 'शेतकऱ्यांना' हा शब्द नीट बघा. यातला 'ऱ्य' हा 'सूर्य'मधल्या 'र्य'पेक्षा वेगळा आहे. 'सूर्य'मध्ये रफार डोक्यावर जातो. 'शेतकऱ्यांना'मध्ये अर्धा र आडव्या कोयरीसारखा य ला चिकटतो. दोन्हींचा उच्चार वेगळा, कधी कधी अर्थही वेगळा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजींना, 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना.

हिंदीला हा फरक लागत नाही. त्यामुळे देवनागरीचं टेम्प्लेट हिंदी शब्द टाकून तपासलं असेल तर ही चूक तिथे पकडलीच जाणार नाही. युनिकोडमध्ये यासाठी सोय आहे. 'ऱ' ला स्वतःचा वेगळा कोड आहे आणि त्याला हलन्त जोडून य लिहिला की बरोबर 'ऱ्य' मिळायला हवा. पण जुनं ग्राफिक्स इंजिन, त्यातला जुना फॉन्ट किंवा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधून बदलून आणलेला मजकूर असला की 'शेतकर्यांना' असं काहीतरी स्क्रीनवर येतं.

'ल' आणि 'श' यांचंही तसंच. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. शासनाच्या वर्णमालेबद्दलच्या निर्णयात 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' असेच शब्द आहेत. हिंदी वळण वेगळं आहे. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की तो योग्य आकार उचलतो. ते कुणी सांगितलंच नाही तर हिंदी आकार येतो. वाचता येतं, पण मराठी माणसाला ते परकं वाटतं.

तिसरी गोष्ट उंचीची. इंग्रजी अक्षर वर-खाली फार पसरत नाही. देवनागरीत वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. इंग्रजीसाठी आखलेली पट्टी तेवढीच ठेवली तर एक तर उकार कापला जातो, नाही तर अक्षर लहान करावं लागतं. त्यात मजकूर लांबला की बरीच ग्राफिक्स सॉफ्टवेअर अक्षरं आपोआप आडवी दाबून बसवतात. चिपकलेली, उंचटलेली अक्षरं तुम्ही पट्टीत पाहिली असतील. तो डिझायनरचा निर्णय नसतो, तो भरलेल्या रकान्याचा परिणाम असतो.

दुसरा अडथळा: केळापूर कुठल्या रकान्यात?

आता जिल्ह्याच्या टप्प्यावर येऊ. केळापूर हा यवतमाळ जिल्ह्यातला तालुका. पण तालुक्याचं मुख्य ठिकाण पांढरकवडा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं हे कापसाच्या बाजाराचं गाव, पलीकडे तेलंगणाची हद्द. सरकारी कागदावर 'केळापूर', लोकांच्या तोंडी 'पांढरकवडा'. यवतमाळ शहर तिथून साधारण ७० किलोमीटर.

टेम्प्लेटमध्ये 'ठिकाण' नावाचा एकच रकाना आहे असं समजा. तिथे काय लिहायचं? केळापूर, पांढरकवडा की यवतमाळ? मुंबईत बसलेला माणूस राज्यभराच्या प्रेक्षकांना कळावं म्हणून 'यवतमाळ' लिहितो. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. पण परिणाम असा होतो की पाटणबोरीची बातमी, घाटंजीची बातमी आणि ७० किलोमीटरवरच्या यवतमाळ शहराची बातमी, सगळ्यांवर एकच शिक्का.

निवडणुकीच्या निकालाचा दिवस आणखी मजेशीर. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेआधी केळापूर नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. आता तालुका आर्णी मतदारसंघात येतो. आणि आर्णी हा विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी चंद्रपूरमध्ये जातो, यवतमाळ-वाशीममध्ये नाही. म्हणजे पांढरकवड्याच्या मतदाराने निकाल बघताना विधानसभेला 'आर्णी' शोधायचं, लोकसभेला 'चंद्रपूर' आणि एरवीच्या बातमीला 'यवतमाळ'. निकालाच्या ग्राफिकमध्ये आकडे मतदारसंघानुसारच येतात, त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण जिल्ह्याच्या नकाशावर लोकसभेचा निकाल रंगवायला घेतला की असा तालुका हमखास घोळ घालतो, कारण त्याचा जिल्हा एक आणि मतदारसंघ दुसरा. डेटा ज्या रचनेत आहे ती रचना जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यातल्या रचनेशी जुळत नाही, एवढाच याचा अर्थ.

या भागाने देशभर मथळे पाहिले ते 'अवनी' वाघिणीच्या वेळी. वनविभागाच्या नोंदीत ती टी-१. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. तिचा वावर राळेगाव, केळापूर आणि मारेगाव या तालुक्यांच्या पट्ट्यात होता, आणि हे सगळं पांढरकवडा वनविभागातलं.

आता ही बातमी वरच्या चार रकान्यांत भरून बघा. 'अवनी' हे नाव सुटसुटीत, पट्टीत छान बसतं. 'नरभक्षक' की 'निष्पाप', यातला एक शब्दही बसतो. ठिकाण म्हणून 'यवतमाळ' बसतं. पण तीन तालुक्यांतली कुठली गावं, शेतात एकट्याने जायला लोक का घाबरत होते, गुरं कुठे चारायची, कापूस वेचायला मजूर मिळत होते का, यासाठी रकानाच नाही. हे सांगायचं तर बातमीदाराला तीन-चार मिनिटांचा वेळ द्यावा लागतो. पट्टीत वाद बसतो, गाव बसत नाही.

२०१७ मधल्या फवारणीच्या विषबाधेचंही तसंच. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला. प्लेटवर मोठा आकडा येतो, कारण प्लेट आकड्यासाठीच बनलेली असते. कुठलं औषध कशात मिसळलं होतं, पंप कोणता होता, हातमोजे-मास्क मिळाले होते का, हा मजकूर लांबलचक. पण पुढच्या हंगामात पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाला त्याच माहितीची गरज असते.

म्हणून माझं म्हणणं असं की भांडण सारख्या रंगाशी किंवा सारख्या फॉन्टशी नाही. रकाने कुणी ठरवले, हा प्रश्न आहे. सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म बनवताना जे विचारलं नाही ते डेटाबेसमध्ये कधीच येत नाही. बातमीचंही तसंच होतं.

गावातल्या यूट्यूब चॅनलचं काय?

तुम्ही म्हणाल, आता तालुक्याच्या बातम्या देणारी यूट्यूब चॅनल आणि फेसबुक पेज गावोगावी आहेत. मग मुख्यालयाचा प्रश्न येतोच कुठे?

गंमत अशी की तिथेही टेम्प्लेट पोचलेलंच आहे, फक्त ते कंपनीने दिलेलं नसतं. यूट्यूबवर 'ब्रेकिंग न्यूज ग्रीन स्क्रीन' शोधा. फिरता पृथ्वीचा गोल, लाल-निळी पट्टी, धडधडणारं संगीत असलेले तयार व्हिडिओ फुकट मिळतात. ते काइनमास्टरसारख्या ॲपमध्ये टाकायचे, हिरवा भाग उडवायचा आणि वर नाव लिहायचं. त्यामुळे विदर्भातल्या तालुक्याचं चॅनल आणि बिहारमधल्या तालुक्याचं चॅनल एकाच पट्टीत बातम्या देताना दिसू शकतात. मोठ्या चॅनलसारखं दिसलं की लोक गंभीरपणे घेतात, हे यामागचं साधं कारण. स्थानिक माणसाने फोनवर, स्वतःच्या पैशाने केलेलं हे काम आहे. पण रकाने तिथेही उसनेच.

असं चॅनल तुम्ही किंवा तुमचे मित्र चालवत असतील तर या गोष्टी करून बघा:

- ठिकाणासाठी दोन रकाने ठेवा. वर गाव, खाली तालुका आणि जिल्हा. तुमचं चॅनल तालुक्याचं आहे, मग तालुका लपवायचा कशाला?
- तारीख आणि वेळ टेम्प्लेटमध्येच घाला. व्हिडिओचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतो. तारीख नसेल तर जुन्या पुराची बातमी नव्या पावसात पुन्हा घबराट पसरवते.
- फॉन्ट निवडण्याआधी परीक्षा घ्या. 'शेतकऱ्यांच्या', 'केळापूर', 'दऱ्याखोऱ्या', 'ट्रॅक्टर', 'कृषी', 'सर्वांत' हे शब्द टाइप करून बघा. काही तुटलं किंवा कापलं तर फॉन्ट किंवा पट्टीची उंची बदला. गूगल फॉन्ट्सवर 'मुक्ता'सारखे मोफत देवनागरी फॉन्ट आहेत.
- उभ्या स्क्रीनचा विचार करा. टीव्हीची पट्टी आडव्या १६:९ चौकटीसाठी असते. शॉर्ट्स आणि रील उभे, ९:१६. तिथे तळाशी ॲपचंच शीर्षक आणि बटणं येतात, त्यामुळे लोअर थर्ड त्याखाली गाडली जाते. उभ्या व्हिडिओत मजकूर मधल्या भागात ठेवा.
- 'ब्रेकिंग' वेगळं ठेवा. रोजच्या बातमीसाठी साधी पट्टी, खऱ्या तातडीसाठी लाल. सगळंच लाल असेल तर पूल वाहून गेल्याची सूचना कुणाच्या लक्षात येणार नाही.

लॅपटॉप असेल तर ओबीएस स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर वापरता येतं. त्यात वेबपेज थेट व्हिडिओवर चढवायची सोय आहे. थोडं एचटीएमएल आणि सीएसएस येत असेल तर स्वतःचे रकाने असलेली पट्टी एका दिवसात तयार होते. पेजची भाषा मराठी आहे एवढं कोडमध्ये सांगायला विसरू नका, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतील.

पट्टी बघून विश्वास ठेवायचा का?

टेम्प्लेट म्हणजे भरलेला फॉर्म, हे आता कळलं. मग तो फॉर्म कुणीही भरू शकतो हेही ओघानेच आलं. नामांकित मराठी चॅनलचा लोगो, रंग आणि पट्टी जशीच्या तशी उचलून त्यात खोटं विधान घातलेली कार्डं निवडणुकांच्या काळात अनेकदा फिरली आहेत आणि 'हे आमचं ग्राफिक नाही' असा खुलासा चॅनलना करावा लागला आहे. डिझाइन जितकं ठरलेलं, तितकी नक्कल सोपी. एरवी ओळख पटवून देणारी गोष्टच इथे फसवायला उपयोगी पडते.

असं कार्ड फोनवर आलं तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं बघा:

१. त्या चॅनलच्या अधिकृत यूट्यूब, एक्स किंवा इन्स्टाग्राम खात्यावर तीच बातमी आहे का? लोगो हा पुरावा नाही, खातं बघा.

२. कार्डावर तारीख, ठिकाण आणि बातमीदाराचं नाव आहे का? नुसतं नेत्याचं छायाचित्र आणि अवतरणचिन्हातलं वाक्य असेल तर जास्त सावध व्हा.

३. अक्षरं बघा. चॅनलच्या नेहमीच्या फॉन्टपेक्षा वेगळी आहेत का? 'ऱ्य' तुटलाय का? ओळी पट्टीबाहेर चालल्यात का? मात्र एवढ्यावरून निकाल देऊ नका, खऱ्या चॅनलच्या पट्टीतही चुका होतात हे आपण वर पाहिलंच.

४. स्क्रीनशॉटच्या कडा कापल्यात का? वेळ, टिकर किंवा लोगोचा भाग मुद्दाम उडवलेला असू शकतो.

५. दावा केंद्र सरकारच्या योजनेबद्दल किंवा आदेशाबद्दल असेल तर पीआयबी फॅक्ट चेकवर शोधा. तालुक्याबद्दल असेल तर सगळ्यात जलद उपाय म्हणजे त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन करणे.

पुढच्या वेळी तुमच्या जिल्ह्याची बातमी लागली की आधी लाल पट्टी वाचू नका, ठिकाणाचा रकाना बघा. तिथे गावाचं नाव आहे, तालुक्याचं आहे की फक्त जिल्ह्याचं? मग बातमी संपेपर्यंत थांबा आणि त्या गावातला एखादा माणूस बोलताना दिसला का तेही बघा. गाव चुकीचं लिहिलं असेल किंवा 'ऱ्य' तुटला असेल तर स्क्रीनशॉट काढून चॅनलच्या अधिकृत खात्यावर कळवा. टेम्प्लेट बदलायला त्यांना वेळ लागेल, पण रकान्यातला शब्द काही सेकंदांत दुरुस्त करता येतो.